नुसतं वाहून जाणं नव्हे

वर कुणीतरी लिहिलंय की कॅन्सरच्या पेशी रक्तातून वाहत जातात आणि मिळेल तिथे रुजतात. अर्धंच बरोबर. वाहतात कुठेही, रुजतात मात्र ठरावीक ठिकाणी. २००१ साली याचा एक धागा सापडला: स्तनाच्या कॅन्सरपेशींवर सीएक्ससीआर-४ हा रिसेप्टर (बाहेरचा संदेश पकडणारं प्रथिन) बराच असतो आणि त्याला बसणारं सीएक्ससीएल-१२ हे प्रथिन अस्थिमज्जा, फुप्फुसं, यकृत, लसिकाग्रंथींत तयार होतं. मुंग्यांना गुळाचा वास लागावा तशा पेशी तिकडे ओढल्या जातात. हे एकच कारण नाही, पण मोठं आहे.

स्तनाच्या काही कॅन्सरपेशींवर जास्त असणारा दुसरा रिसेप्टर म्हणजे एचईआर-२; त्याची तऱ्हा वेगळी. त्याला बाहेरून संदेश देणारं प्रथिन सापडलेलंच नाही. तो शेजारच्या एचईआर-३ या रिसेप्टरशी जोडी जमवतो आणि पेशीला वाढायचा, सरकायचा हुकूम सुटतो. पर्टुझुमॅब हे औषध ही जोडीच जमू देत नाही.

बाकी, मावशींच्या रिपोर्टबद्दल विचारणाऱ्या कोथरूडच्या ताई, त्यावरचं एचईआर-२ '२+' म्हणजे अर्धं पॉझिटिव्ह नव्हे, अनिर्णित. फिश टेस्ट (एचईआर-२ चं जनुक वाढलंय का ते पाहणारी) सांगितली असेल तर ती होऊ द्या, उगाच गूगल करत बसू नका.