विहिरीत पोहणाऱ्याला स्कूबा जमेल का? बेळगाव ते मालवण, एका रविवारात?

वडगावची_लेक
नमस्कार. मी बेळगावची, वय ४७. माहेर येळ्ळूरचं, त्यामुळे पोहायला शेतातल्या विहिरीतच शिकले. अजून सुट्टीला गेले की भाचरांबरोबर उडी मारते. आता स्कूबा डायव्हिंग डोक्यात बसलंय. नुसतं फोटोपुरतं नाही, जमलं तर नीट कोर्स करायचा आहे. बेत असा: शनिवारी काम सुटलं की आंबोलीमार्गे मालवण, रविवारी सकाळी समुद्रात, रात्री जेवायला घरी, सोमवारी ड्युटी. घरचे म्हणतात, बुडायला एवढ्या लांब कशाला? चष्मा आहे, बीपीची गोळी नाही. पोहता येतं म्हणजे अर्धं काम झालं ना?

खानापूर_एक्सप्रेस
ताई, मासेच बघायचे तर कॅम्पात मासळी मार्केट आहे की. नाहीतर असोग्याला या, मलप्रभेत पाय सोडून बसा. फुकट.

उद्यमबागचा_फिटर
ताई, अर्धं काम झालेलं नाही. उलट विहिरीत शिकलेल्या माणसाला एक गोष्ट आधी विसरावी लागते. मला ती विसरायला दोन दिवस लागले, म्हणून जरा लांबण लावतो.

मीही विहिरीचाच. गल्लीत कुणाची कळशी पडली आणि गळाला लागेना की मला हाक यायची. दगड पोटाशी धरून तळ गाठायचा, चाचपडत कळशी शोधायची, आणि वर येताना दुसऱ्या मुठीत तळाचा चिखल आणायचा. नाहीतर पोरं म्हणायची, अर्ध्यातनं परतला. छाती भरून घेतलेला श्वास डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत सोडायचा नाही, हा पहिला धडा. पुढे उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात जन्म गेला, पण पाण्याखालचं वेड काही सुटलं नाही. मालवणात पहिल्यांदा उतरलो २०१४ च्या डिसेंबरात, तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. आज ५८.

पाठीवर सिलिंडर, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारी तोटी), आणि मी सवयीने श्वास कोंडून बसलेलो! शिकवणारं पोरगं माझ्या मुलाच्या वयाचं. त्याने वर आणलं आणि म्हणाला, "काका, श्वास धरून वर आलात तर फुप्फुस फाटेल." पटेना. आम्ही काय आयुष्यभर फाटत होतो? मग रात्री खोलीवर हिशेब मांडला. विहिरीत आपण श्वास वरून घेऊन जातो. खाली तो दबतो, वर आलं की होता तेवढा होतो. भानगड नाही. पण १० मीटरवर दाब दुप्पट, २ बार. तिथे सिलिंडरमधून छाती भरली आणि तशीच कोंडून वर आलात, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसाला सेफ्टी व्हॉल्व्ह नाही. म्हणून श्वास चालू ठेवायचा, वर येतानाही.

(आणि 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणू नका, तिथली पोरं हसतात. साधीच हवा, गाळून, सुकवून २०० बारपर्यंत दाबलेली. आमच्या शॉपचा कंप्रेसर ७-८ बारलाच धापा टाकायचा.)

आता कान. आंबोली उतरताना दडे बसतात, ते माहीत आहेच. बेळगाव साधारण ७५० मीटरवर. तिथून समुद्रापर्यंत हवेच्या दाबात जो फरक पडतो, तो पाण्यात मोजला तर एक मीटरही भरत नाही. म्हणजे पहिल्या मीटरातच कानांनी अख्खा घाट उतरलेला असतो! म्हणून दुखायच्या आधीच, दर अर्ध्या मीटरला नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. जोर लावायचा नाही. सुटलं नाही तर थोडं वर येऊन परत. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, भरलेले पैसे गेले तरी.

राहिला तुमचा बेत. 'रात्री जेवायला घरी' हे काढून टाका. २०१६ ला मी हेच केलं. सकाळी दोन डाइव्ह, १८ मीटरच्या आसपास, दुपारी सुरमईचं ताट, चारला गाडी काढली. आंबोलीपर्यंत काही नाही. शिनोळीजवळ उजवा खांदा ठणकायला लागला. सिलिंडर उचलून भरला असेल म्हणून घरी तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दुखण्यावरची गोळी दिली. समुद्राचं मी बोललोच नाही, चूक माझी. पाण्याखाली अंगात मुरलेला नायट्रोजनच घाटात बुडबुडे होऊन सुटला असं छातीठोक सांगत नाही, पण पुढच्या खेपेला त्या पोराला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. विमानासाठी नियम आहे: एका डाइव्हनंतर निदान १२ तास थांबून मगच बसायचं, जास्त झाल्या तर १८. केबिनमधली हवा ६०० मीटर उंचीएवढी विरळ झाली की तो लागू होतो. बेळगावकराचं स्वयंपाकघरच त्याच्या वर आहे. मी घाटालाही तोच नियम लावतो.

वडगावची_लेक
काका, अख्खा घाट म्हणजे एक मीटर पाणी म्हणता, मग तेवढ्याने काय बिघडतंय?

उद्यमबागचा_फिटर
बरोब्बर पकडलंत. आमच्याकडे तेलाच्या लाइनचं प्रेशर एकदम सोडलं की तेल दुधासारखं पांढरं होतं. आत विरघळलेली हवा बाहेर येते. तसंच आहे. खाली असताना नायट्रोजन रक्तात, चरबीत मुरतो. हळू वर आलात, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबलात, तरी थोडा उरतोच. किनाऱ्यावरच्या दाबाला तो गप्प बसतो, आणि किती खोल किती वेळ राहायचं याचे आपण वापरतो ते तक्तेही तोच दाब धरून केलेले. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी एक तांब्या ओतायचा कशाला? तुमची पहिली डाइव्ह साताठ मीटरची, तीही एकच, त्यात धोका फार थोडा. पण कोर्सच्या चार डाइव्ह होतात, दोन दिवसांत. तो काही एका रविवारात मावत नाही.

नेत्राणी_रिटर्न
मी कोर्स नेत्राणी बेटावर केला. मुरुडेश्वरहून बोट. मला तरी पाणी मालवणपेक्षा नितळ मिळालं, पण जाताना दोनदा उलटी झाली. परतीला अरबैल घाट आहेच, तो दुसऱ्या दिवशी चढलो. कोर्सला २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, ते तुम्हाला किरकोळ. पंचेचाळिशीनंतर मेडिकल फॉर्ममध्ये बीपी, सिगारेट, घरातले हार्टचे आजार असे जास्तीचे प्रश्न येतात. खरं लिहा. चष्म्याचं म्हणाल तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो, आधी फोन करून विचारा. आत वाफ धरू नये म्हणून काचेला थुंकी चोळून खळबळायची. शी वाटतं, पण तेच चालतं. आणि पावसाळ्यात सगळं बंद असतं.

खानापूर_एक्सप्रेस
एवढं करून खाली दिसतं काय, ते तरी सांगा की.

उद्यमबागचा_फिटर
मालवणात पाणी गढूळ असलं तर कधी कधी पुढच्याच्या पायातले फिन्ससुद्धा दिसत नाहीत, खोटं कशाला बोलू. पण तिसऱ्या दिवशी खडकाच्या कपारीतून दोन लांब मिशा हलताना दिसल्या. शेवंड, म्हणजे लॉबस्टर. मी श्वास सोडला की बुडबुड्यांच्या आवाजाने ती आत सरकायची. घेतला की परत मिशा बाहेर. सोडला, आत. घेतला, बाहेर. पाच-सात मिनिटं आमचं एवढंच चाललं होतं. वर आल्यावर लक्षात आलं, श्वास धरायचा राहूनच गेला की!

वडगावची_लेक
सोमवारची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, म्हटलं घाट.