नवताऱ्याभोवतीचा वायू: 'अवशेष' म्हणायचं, 'आवरण' की 'कवच'?

प्रश्न: नवताऱ्याचा स्फोट झाल्यावर जो गॅस बाहेर फेकला जातो आणि चंद्रा दुर्बिणीच्या क्ष-किरण फोटोत दिसतो, त्याला कुठे 'अवशेष' लिहिलंय, कुठे 'आवरण', कुठे 'कवच'. नेमकं काय वापरावं?

उत्तर १: 'अवशेष' नको, हे माझं ठाम मत. तो शब्द अतिनवताऱ्याला (ज्यात अख्खा तारा फुटतो) शोभतो, शर्मिष्ठा तारकासमूहातल्या कॅसिओपिया ए सारख्या, कारण तिथे ताऱ्याचा कारभारच आटोपलेला असतो. नवताऱ्यात तसं नसतं, श्वेत बटू (म्हणजे जुन्या ताऱ्याचा उरलेला लहानसा, घट्ट गाभा) जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजन ओढत राहतो, तो पृष्ठभागावर साठतो, दाबला जातो, तापतो आणि एक दिवस भडका उडून वरचा थर बाहेर फेकला जातो, पण बटू जागच्या जागी शाबूत. आता ययाती तारकासमूहातला जीके पर्सेई हा नवतारा घ्या. फेब्रुवारी १९०१ मध्ये एडिंबरात अँडरसन या हौशी आकाशनिरीक्षकाला दिसला, थोडेच दिवस आकाशातल्या सगळ्यात ठळक ताऱ्यांच्या पंगतीत होता आणि मग मंदावला. तरी तो तारा आजही काही वर्षांनी मधूनच उजळतो! मग अवशेष कसला?

उत्तर २: पटलं, पण 'कवच' म्हटलं की चहूबाजूंनी बंद, टणक असं काहीतरी डोळ्यासमोर येतं. जीके पर्सेईच्या साध्या फोटोत तर नुसत्या गाठीच गाठी दिसतात आणि क्ष-किरणांत नैऋत्येची बाजू जास्त उजळ आहे, म्हणजे गोल सारखा नाहीच.

उत्तर १: मुद्दा बरोबर आहे, तरी मी 'कवच'च घेईन, कारण 'आवरण' म्हणजे अंगावर पांघरलेलं आणि हे तर ताऱ्यापासून लांब पळतंय. चंद्रा दुर्बिणीने २००० मध्ये आणि परत २०१३ मध्ये ते पाहिलं, दोन्ही फोटो जुळवले तर वेग निघतो ताशी ११ लाख किमीच्या आसपास. फेकलेला वायू बाहेरच्या विरळ वायूवर आदळतो, त्या धडकेने सुमारे १० लाख अंशांपर्यंत तापतो, म्हणून क्ष-किरण येतात. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे या मधल्या काळात क्ष-किरणांचा उजेड जवळजवळ ४० टक्के घटला पण तापमान होतं तेवढंच राहिलं. वाटेत नवा वायू भरपूर मिळाला असता तर तो तापवण्यात ऊर्जा वाटली जाऊन तापमान उतरलं असतं, म्हणजे कवच आता आधीपेक्षा बऱ्याच रिकाम्या जागेत शिरलंय.

तेव्हा लेखात पहिल्यांदा 'बाहेर फेकलेल्या वायूचं कवच' असं सगळं लिहा, पुढे नुसतं 'कवच' चालेल, आणि क्रियापद 'पसरतंय' ठेवा, 'वेढतंय' नको.