मदत हवी आहे: काजूच्या बोंडांचा रस आंबवायचाय, पण दारू होऊ द्यायची नाही

नमस्कार मंडळी. आमचा वेंगुर्ला तालुक्यातला महिला बचत गट आहे. मार्च ते मे बागांमध्ये बोंडांचा नुसता खच पडतो. बी पिळून घेतली की बोंडं गुरांपुढे, नाहीतर खतात. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असलेलं फळ असं वाया जाताना जीव तुटतो. सरबत-सिरप बरेच जण करतात. आम्हाला वरून साखर न घालता, ताकासारखं आंबूस पेय करायचंय, लहान मुलांच्याही हातात बिनधास्त देता येईल असं.

सध्या बोंडं धुऊन रस काढतो, गाळतो, त्यात दह्याची निवळी घालून स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवतो. सकाळी चव छान असते. दुपारपर्यंत मात्र वर फेस धरतो आणि उरकासारखा, म्हणजे काजूच्या दारूसारखा वास यायला लागतो. बाटलीत भरला तर झाकण सैल करताच रस उसळून बाहेर येतो. शिवाय घसा धरतो तो वेगळाच.

हे थांबवायचं कसं? रस तापवला तर क जीवनसत्त्व जाईल ना? आणि पेय सुरक्षित आहे हे चवीवर न जाता कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या डब्यात दह्याच्या जिवाणूंआधी बोंडाच्या सालीवरचं यीस्ट, म्हणजे साखरेची दारू करणारी सूक्ष्म बुरशी, कामाला लागतंय. गोव्यात बोंडं तुडवून काढलेला रस विरजणाशिवाय आंबतो तो याच यीस्टमुळे. धुऊन ते जात नाही. म्हणून रस आधी तापवायलाच हवा. ८५ अंश सेल्सिअसला काही मिनिटं ठेवा, झाकून गार करा. थोडं क जीवनसत्त्व जाईल, पण बोंडात ते मुळात इतकं असतं की उरलेलंही भरपूर.

घसा धरतो तो टॅनिनमुळे, म्हणजे रसातल्या तुरट द्रव्यामुळे. तापवण्याआधी रसात साबुदाण्याची पातळ पेज ढवळून ठेवून द्या. टॅनिन गाळाबरोबर तळाला बसतं, वरचा निवळ रस अलगद काढून घ्या. बी पिळताना टरफलातलं तेल रसात उतरणार नाही हेही बघा, त्याने तोंड भाजतं. फुटलेली, बुरशी धरलेली बोंडं मुळीच घेऊ नका.

निवळीऐवजी लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम या जिवाणूचं तयार कल्चर (विरजण) वापरा. दह्यातले जिवाणू दुधाला सरावलेले, फळाच्या रसात त्यांचा भरवसा नाही, आणि निवळीतून आणखी काय येतं ते कळत नाही. प्रत्येक घाण्याची चव वेगळी लागते ती बहुधा त्यामुळेच.

प्रतिसाद २

दारूचा हिशोब नीट समजून घ्या. ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलं की अन्नसुरक्षा नियमांत ते मद्य ठरतं. बोंडाच्या एक लिटर रसात साधारण १०० ग्रॅम साखर असते. त्यातली जेमतेम ८-९ ग्रॅम यीस्टने खाल्ली की ती रेषा ओलांडली! महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे, त्यामुळे हा प्रश्न फक्त चवीचा नाही. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजायचं साधन) घ्या. आंबवण्याआधी आणि नंतर घनता मोजा, १.०४५ ची १.०४१ झाली तर थांबा. हा अंदाज झाला. विक्रीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अल्कोहोल तपासून घ्याच.

आणि आंबट आहे म्हणजे सुरक्षित आहे, असं मुळीच नाही. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय या जिवाणूची लागण होऊन एक बाळ दगावलं. तो रसही आंबटच होता. पीएच मीटर (आंबटपणा आकड्यात मोजायचं यंत्र) घ्या, पीएच ४ आणि ७ च्या द्रावणांनी तो जुळवून घ्या, आणि प्रत्येक घाण्याची नोंद वहीत ठेवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तापवणं आणि साबुदाण्याची पेज लगेच सुरू करतो. एक राहिलं: आंबवून झाल्यावर पेय फ्रीजमध्ये ठेवलं तर पुरे, की पुन्हा तापवायचं? आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते.

प्रतिसाद १

वीज जाते तर पुन्हा तापवाच. बाटल्या गरम पेयानेच भरून लगेच बंद करा. जिवंत जिवाणू मिळणार नाहीत, तेव्हा लेबलवर 'प्रोबायोटिक' लिहू नका. कल्चरसाठी वेंगुर्ल्याच्याच प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात आधी विचारा, काजूवर त्यांचं काम जुनं आहे. पहिला घाणा पाच लिटरच्या वर करू नका.