मदत हवी आहे: पिंगळा (नेहमी दिसणारं छोटं घुबड) की रानपिंगळा (त्याच्यासारखंच दिसणारं दुर्मिळ घुबड)?
मेळघाटच्या पायथ्याशी, सागाच्या वाळक्या फांदीवर भरदुपारी टिपलेलं घुबड. एआय अ‍ॅप ठिकाण दिलं की ‘रानपिंगळा’ म्हणतं, काढलं की ‘पिंगळा’. म्हणजे पिसांपेक्षा नकाशाच बोलतोय! शिवाय फोटोतला नॉइज (दाणेदारपणा) काढून टाकला होता; त्यात माथ्यावरचे बारीक पांढरे ठिपके पुसले जातात नि साधा पिंगळाही रानपिंगळा दिसतो. मूळ फाइल १०० टक्के झूम केली तर माथ्यावर दोन-तीन पुसट ठिपके आहेत. पण छातीवर रुंद तपकिरी पट्टा, खाली पोट पांढरंफेक, शेपटीवर ठळक आडवे पट्टे, म्हणजे रानपिंगळ्याची लक्षणं. यातलं कशाला जास्त वजन द्यायचं? एवढे पुसट ठिपके रानपिंगळ्यात चालतात का? मूळ फोटोतला कापलेला भाग खाली जोडलाय, जीपीएस (ठिकाणाची नोंद) काढून. नेमकी जागा कृपया विचारू नका.