अँजिओग्राफीपूर्वी क्रिएटिनिन १.२ : ठीक समजावे का?

घोडबंदरकर :
आईचे वय ७२, वजन ४८ किलो, जुना मधुमेह. चालताना छातीत दडपण येते म्हणून अँजिओग्राफी करावी आणि गरज भासल्यास त्याच वेळी स्टेंट घालावा, असे ठाण्यातील हृदयरोगतज्ज्ञांनी सुचवले आहे. तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ) १.२ आणि हिमोग्लोबिन ९.८ आले. लॅबने क्रिएटिनिनपुढे कोणतीही खूण केली नव्हती, तरीही डॉक्टरांनी नेमक्या त्याच आकड्याभोवती पेनाने गोल केला आणि तारीख आठवडाभर पुढे ढकलली. रिपोर्टच्या तळाशी ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) ४८ छापले आहे; दुसरे मत घ्यायला वाशीला गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी क्लिअरन्स (त्याच क्षमतेचा दुसऱ्या पद्धतीने काढलेला अंदाज) ३२ लिहून दिला. दुखणे हृदयाचे असताना मूत्रपिंडाची एवढी चौकशी का, आणि ४८ खरे की ३२?

नेरूळचा लॅबवाला (निवृत्त) :
दोन्ही बरोबर आहेत. क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे अंगाने किरकोळ असलेल्या वृद्ध स्त्रीच्या रक्तात ते मुळातच कमी असते आणि मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर आले तरी आकडा छापील मर्यादेत राहू शकतो. हेच १.२ एखाद्या ३५ वर्षांच्या पुरुषाचे असते, तर ईजीएफआर ८० च्या आसपास निघाला असता. तुमच्या लॅबचे ४८ हे २०२१ च्या सूत्राने आलेले दिसते. त्यात वय आणि लिंग धरतात, वजन नाही. वाशीच्या डॉक्टरांनी १९७६ चे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरले असावे : १४० मधून वय वजा करून वजनाने गुणायचे, ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागायचे आणि स्त्री असल्यास ०.८५ ने गुणायचे. (यातला ७२ हा सूत्राचा ठरलेला आकडा आहे, तो आईच्या वयाशी जुळला, हा योगायोग.) उत्तर ३२ च येते. बायपासपूर्वी जोखीम मोजणाऱ्या युरोस्कोर २ मध्येही हाच क्लिअरन्स धरतात आणि तो ५० किंवा त्याखाली असला की जोखीम स्पष्टपणे वाढते.

ऐरोलीची परिचारिका, कॅथलॅब :
अँजिओग्राफीत धमनीत सोडला जाणारा आयोडीनयुक्त डाय मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून ही चौकशी. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने जरी वाढले, तरी त्याला मूत्रपिंडाची तीव्र इजा म्हणतात, आणि ती झालेल्या रुग्णांची पुढची वाटचालही अधिक अवघड असते. डायमुळे अशी इजा होण्याची जोखीम मोजणाऱ्या २००४ च्या मेहरान स्कोरमध्ये मूत्रपिंडाच्या आकड्याबरोबर मधुमेह, रक्तक्षय, हार्ट फेल्युअर, ७५ वरील वय आणि डायचे मिलिलिटर हे सगळे मोजतात. यातले आपल्या हातात फारच थोडे असते. डाय मात्र असतो. तो मोजून वापरतात आणि तातडी नसेल तर स्टेंट वेगळ्या दिवशी घालतात. आधी-नंतर सलाइन देतात, पण किती द्यायचे ते इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहूनच ठरते. एक विचारते : आई मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी आणि गुडघ्यांसाठी काही घेतात का?

घोडबंदरकर :
दोन्ही घेते. गुडघ्यांची डायक्लोफिनॅकची गोळी तर ती शेजारच्या मेडिकलमधून स्वतःच आणते, त्यामुळे डॉक्टरांच्या यादीत ती नाहीच. शिवाय घोडबंदर रोडच्या वाहतुकीत दोन तास अडकावे लागेल या भीतीने दवाखान्यात जायच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही.

ऐरोलीची परिचारिका, कॅथलॅब :
मग आठवडा वाया गेलेला नाही. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. त्यात शरीरात पाणी कमी आणि वर डाय, म्हणजे तिहेरी भार. मेटफॉर्मिन या ईजीएफआरला सहसा डायच्या वेळी थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहूनच पुन्हा सुरू करतात. मात्र मनाने काही बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा.

कळव्याचा मुलगा :
वडिलांच्या वेळी डायपासून मूत्रपिंड वाचावे म्हणून अॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याही विचाराव्यात का?

नेरूळचा लॅबवाला (निवृत्त) :
२०१८ मध्ये सुमारे ५,००० रुग्णांवरील मोठ्या चाचणीत त्यांचा फायदा दिसला नाही, त्यामुळे त्यांच्यावर भिस्त नको. मला अधिक खटकते ते ९.८ हिमोग्लोबिन, ज्याबद्दल इथे कोणी विचारलेच नाही. कारण मूत्रपिंडाचे असू शकते, पण वेदनाशामकांमुळे पोटात हळूहळू रक्तस्राव होत असेल, तर स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या महिनोन्‌महिने कशा द्यायच्या, हा प्रश्न उभा राहतो. लोहाची तपासणी आणि शौचातून रक्त जाते का, हे आधी पाहून घ्या.

घोडबंदरकर :
पिशवी घेऊन उद्याच जातो. घरी सोडल्यावर क्रिएटिनिन पुन्हा कधी करायचे?

ऐरोलीची परिचारिका, कॅथलॅब :
साधारण ४८ ते ७२ तासांत. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी घरी सोडतात आणि ही तपासणी राहून जाते. तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर तारीख लिहून घ्या आणि रक्त पूर्वीच्याच लॅबमध्ये द्या.