चिखलात गाडी रुतली तर? डिकीत काय ठेवावं, सल्ला हवा

आडवाट: पुढच्या महिन्यात आम्ही दोघं कच्च्या रस्त्यांवरून फिरायला निघतोय. साधी हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, मॅन्युअल गिअर. पाऊस नुकताच उघडलेला असेल. विंच (गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) वगैरे लावायचा विचार नाही. डिकीत काय टाकू? आणि रुतलीच तर आधी काय करू?

पान्हा: आधी ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअरचा भाग) जे चाक घसरतंय तेच गरगर फिरतं, दुसऱ्याला जोर मिळतच नाही. रेस कराल तितकं चाक खाली जाईल, आणि गाडी एकदा पोटावर बसली की चाकाखाली काहीही घाला, व्यर्थ. खाली उतरून वाकून बघा. पोट टेकलं असेल तर उकरण्याशिवाय इलाज नाही, म्हणून घडीचं फावडं सगळ्यात आधी घ्या. सायलेन्सरचं तोंड गाळात गेलं असेल तर ते मोकळं केल्याशिवाय इंजिन चालू ठेवू नका. आणि शक्यतो आलात तसेच मागे निघा. मागची जमीन गाडी पेलते हे माहीत असतं, पुढचं कोणी पाहिलंय?

रिव्हर्सगिअर: पुढच्या टायरची हवा ३२-३३ पीएसआय असेल तर २०च्या आसपास आणा, टायर पसरून पकड वाढते. पुढे जायचं तर सेकंड गिअर, हळूवार क्लच. हाफ क्लचवर झुंजत बसलात तर क्लच जळेल. लायटर सॉकेटवर चालणारा पंप मात्र हवाच. कमी हवेवर वेगात वळलं की टायर रिमवरून सुटू शकतो.

आडवाट: चाकाखाली घालायला ते प्लॅस्टिकचे ट्रॅक घ्यावेत का?

पान्हा: जागा असेल तर घ्या. पण त्यांच्यावर चाक घसरवत ठेवलं तर दाते वितळतात. नाहीतर पायातल्या रबरी मॅट उलट्या करून घाला. त्या चाकाखालून सुसाट उडतात, त्या रेषेत कोणी उभं राहू नये.

जुनाखटारा: मॅटचं कौतुक ऐकून कंटाळलो. खऱ्या गाळात त्या नुसत्या गिळल्या जातात. एक जाड फळी ठेवा, जॅकखालीही तीच लागते, नाहीतर चाक वर यायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. आणि टो हुक (गाडी ओढायला पट्टा अडकवायची, पिळून बसवायची कडी) डिकीत आहे का ते आजच बघा. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, अंधारात भलतीकडे पिळत बसाल. ओढायला चांगला पट्टा घ्या. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) किंवा बंपरला कधीच बांधू नका, तुटलेला तुकडा जीव घेतो. ओढताना बघ्यांना लांब हाकला.

आडवाट: आणि ट्रॅक्शन कंट्रोल?

रिव्हर्सगिअर: बंद करून बघा. चालू असताना चाक घसरलं की इंजिनाचा जोर कापला जातो, नेमका नको तेव्हा. काही गाड्यांत मात्र तेच घसरत्या चाकाला ब्रेक लावून मदत करतं, म्हणून दोन्ही करून पाहा. बाहेर आल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं तर घाबरू नका, आधी रिमच्या आतला चिखल खरवडा.