बायबल वाचायचं अ‍ॅप आणि बायबल अभ्यासायचं अ‍ॅप एकच असावं का?

नगरकर (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. गेल्या रविवारी उपासनेनंतर तरुण संघात हा विषय निघाला आणि अर्धवट राहिला, म्हणून इथे नीट मांडतो. एकट्याने बायबलचा अभ्यास करायचा तर मोबाइलवर कोणतं अ‍ॅप घ्यावं? बहुतेकांनी यूव्हर्जनचं नाव घेतलं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या लाइफ चर्चने ते आणलं. फुकट आहे, आणि बायबल सोसायटीचं आपल्या ओळखीचं पवित्र शास्त्र त्यात आहे. मीही रोज ते उघडतो. पण ते वाचनाचं अ‍ॅप आहे. अभ्यासाला दुसरं हवंच, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरण देतो. मार्क १५:३४. वधस्तंभावर येशू मोठ्याने ओरडतो की माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? वाचनाच्या अ‍ॅपमध्ये आपण हे वचन रंगवतो, स्टेटसला ठेवतो आणि पुढे जातो. तेच ब्लू लेटर बायबल या अभ्यासाच्या अ‍ॅपमध्ये उघडा. वचनावर बोट ठेवलं की यादी येते: मूळ भाषा, संदर्भ (त्याच्याशी जोडलेली इतर वचनं), टीका (म्हणजे वचनावरचं भाष्य), शब्दकोश. संदर्भांमध्ये स्तोत्र २२:१ दिसतं. ते उघडून एका वचनावर थांबू नका, पूर्ण स्तोत्र वाचा. अठराव्या वचनात वस्त्रं वाटून घेणं आणि चिठ्ठ्या टाकणं आहे, आणि ते मार्कने दहाच वचनं आधी, १५:२४ मध्ये सांगितलेलं आहे. चोविसाव्या वचनात देवाने आपलं मुख लपवलं नाही, धावा ऐकला, असं येतं. आता मार्ककडे परत या. त्या आरोळीच्या मागे अख्खं स्तोत्र उभं आहे हे कळतं. मी याला अभ्यास म्हणतो, आणि अ‍ॅप निवडताना ही वाट त्यात आहे का हे आधी बघावं.

दुसरं, मराठी शोध तपासा. ‘क्षमा’ शोधल्यावर ‘क्षमेची’ असलेली वचनं येतात का? बऱ्याच अ‍ॅपमध्ये येत नाहीत, आणि माणसाला वाटतं की विषय एवढ्याच ठिकाणी आहे. ‘तुम्हांला’ आणि ‘तुम्हाला’ यांचीही तीच गत. तिसरं, नेट नसताना ते चालतं का, आणि तुमची टिपणं बाहेर काढता येतात का. बाकी रंग, फॉन्ट, चित्रं यांना मी महत्त्व देत नाही.

---

जालन्याची

दादा, पटलं नाही. अभ्यास कोण करणार, जो रोज वाचतो तोच ना? आमच्या मंडळीतली कितीतरी मुलं यूव्हर्जनच्या वाचन योजनेमुळे पहिल्यांदा लेवीय आणि गणना ही पुस्तकं पार करून गेली. मैत्रिणी एकत्र योजना घेतात, रोजच्या भागाखाली दोन ओळी लिहितात, एखादी मागे पडली की दुसरी विचारते. तुमच्या त्या अ‍ॅपमध्ये ही सोबत नाही.

आणि भाषेचं काय? ब्लू लेटर बायबलमधली टीका इंग्रजी, शब्दकोश इंग्रजी. आमच्या महिला मंडळातल्या काकूंना तुम्ही तो फोन हातात द्याल आणि म्हणाल करा अभ्यास? अभ्यासाची सगळी साधनं इंग्रजी येणाऱ्यांसाठी, आणि मराठी माणसाला मात्र नुसता मजकूर, ही खरी अडचण आहे. तिच्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत.

---

नगरकर

जालन्याची, ताई, भाषेचा मुद्दा अगदी खरा आहे. टीका मराठीत हवी, आणि ती पुरेशी नाही याचं मलाही वाईट वाटतं. पण संदर्भ वापरायला इंग्रजी लागत नाही. संदर्भ म्हणजे पुस्तक, अध्याय, वचन. पुस्तकांच्या सहासष्ट इंग्रजी नावांची यादी एका कागदावर समोर मराठी नाव लिहून बायबलमध्ये ठेवली की काकूसुद्धा एका फोनवर संदर्भ बघून मराठी पवित्र शास्त्रात तो उघडू शकतात. सोबतीबद्दल वाद नाही. तिच्यासाठी ते अ‍ॅप जरूर ठेवा. फक्त योजनेतला आजचा भाग संपला म्हणजे अभ्यास झाला, असं मुलांना वाटू देऊ नका. सलग दिवसांचा आकडा वाढतोय म्हणून घाईघाईने भाग उरकणारी मुलं मी पाहतो, आणि मला त्याची काळजी वाटते.

---

वसईकर

एक गोष्ट वर कुणी बोललंच नाही. आम्हा कॅथलिकांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत. प्ले स्टोअरवर ‘मराठी बायबल’ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा ६६ असतात. तोबीत नाही, मक्काबी नाही, सिराक नाही. मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) सिराकमधलं वाचन ऐकून घरी येऊन ते शोधायला गेलं की सापडतच नाही. आमच्या धर्मशिक्षण वर्गातल्या मुलीने मला विचारलं होतं की फादरांनी वाचलं ते बायबलमध्ये का नाही.

म्हणून माझा सल्ला: कॅथलिक वाचकाने कुठलंही अ‍ॅप उतरवलं की आधी अनुक्रमणिका उघडावी. ती ६६ वर संपत असेल तर सोयी कितीही असोत, आपल्या अभ्यासाला ते अपुरं. मराठीत ७३ पुस्तकांसाठी मी अजून छापील प्रतच वापरतो. आणि नगरकर, तुमच्या यादीत हा मुद्दा पहिला यायला हवा होता. मजकूरच अपुरा असेल तर संदर्भ कुठे जोडणार?

---

पाळकांचा नातू

मी सरळ विरोधात आहे. वैयक्तिक अभ्यासाला अ‍ॅप नकोच. माझ्या आजोबांच्या बायबलमध्ये पानाच्या तळाशी संदर्भ आहेत, समासात त्यांच्या शाईच्या खुणा आहेत. तुम्ही सांगितलेला मार्क ते स्तोत्र हा प्रवास त्यांनी पेन्सिलने केलेला आहे. फोनवर स्तोत्र २२ उघडलं की वरून बँकेचा मेसेज, खालून गटातले शुभ सकाळ. मन लागेल कसं?

आणि अ‍ॅप आपलं नसतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑलिव्ह ट्रीचं बायबल अ‍ॅप चीनमधल्या अ‍ॅपलच्या स्टोअरमधून गेलं, कारण तिथे परवाना मागितला गेला. लोगोस हे बायबल अभ्यासाचं सॉफ्टवेअर २०२४ मध्ये वर्गणीकडे वळलं. विकत घेतलेली पुस्तकं राहतात हे खरं, पण काही नव्या सोयींसाठी पैसे भरत राहायचे. एका छोट्या अ‍ॅपमध्ये माझी रोमकरांस पत्रावरची टिपणं होती, ते बंद पडलं आणि टिपणं गेली. कागदाचं असं होत नाही.

---

ग्रंथपाल_कोल्हापूर

नातू, टिपणांबद्दल तुमच्याशी सहमत. टिपणं वहीतच लिहावीत, किंवा साध्या फाइलमध्ये. पण बाकीचं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जेम्स स्ट्राँगची जाडजूड शब्दसूची विकत घ्यावी लागे, आणि ती निघाली १८९० मध्ये. तिच्यात प्रत्येक मूळ हिब्रू-ग्रीक शब्दाला क्रमांक आहे. आज ते काम फोनवर फुकट होतं. खेड्यातल्या सेवकाच्या हाती एवढं यावं आणि आपण ते नाकारावं, हे मला योग्य वाटत नाही.

मात्र नगरकरांनाही सांगायचं आहे. फुकट अ‍ॅपमधली टीका कोणती असते ते बघा. बायबलचे टीकाकार मॅथ्यू हेन्री १७१४ मध्ये वारले. त्यांची टीका सगळीकडे दिसते, कारण तिच्यावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही. भक्तीच्या दृष्टीने ती मोठी आहेच, पण त्यांच्या काळी मृत समुद्राजवळची बायबलची प्राचीन हस्तलिखितं सापडलेली नव्हती. ती १९४७ पासून मिळाली. फुकट मिळतं म्हणून तेच शेवटचं मानू नये. तसंच स्ट्राँगचा क्रमांक दाबून चार अर्थ दिसले की त्यातला आवडेल तो वचनाला लावायचा, ही सवय आपल्या प्रवचनांतही शिरली आहे. केंब्रिजच्या टिंडेल हाऊस या बायबल संशोधन संस्थेचं स्टेप बायबल मला या बाबतीत जास्त बरं वाटतं. तेही फुकट आहे, संगणकावर नेटशिवाय चालतं, आणि मूळ शब्द आणखी कुठे कुठे आलाय हे चटकन दाखवतं. अर्थ तिथल्या वापरावरून ठरवायचा.

---

जालन्याची

एक शंका. ‘मोबाइल बायबलमधून वचनं काढून टाकली’ असा मेसेज सारखा फिरतो. प्रेषितांची कृत्ये ८:३७ गायब आहे म्हणतात. मी बघितलं तर एका आवृत्तीत ३६ नंतर खरंच ३८ येतं. काकू घाबरल्या आहेत.

---

ग्रंथपाल_कोल्हापूर

ताई, काकूंना सांगा, अ‍ॅपने काही काढलेलं नाही. वचनांचे हे क्रमांक १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने नव्या कराराला घातले. त्याच्या हातातल्या ग्रीक मजकुरात ते वचन होतं. पुढे जास्त जुनी हस्तलिखितं मिळाली, त्यांत ते नाही. म्हणून १८८१ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीने ते समासाच्या टिपेत नेलं, बाकीचे क्रमांक तसेच ठेवले. छापील प्रतीत टीप डोळ्यांसमोर असते. काही अ‍ॅपमध्ये ती लपलेली असते किंवा घेतलेलीच नसते, आणि त्यातून हा मेसेज जन्मतो. टिपा दाखवत नसलेलं अ‍ॅप अभ्यासाला घेऊ नये. तसंच ‘आमच्याविषयी’ हे पान उघडून भाषांतर कोणतं ते पाहावं. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनचा मराठी मजकूर मुक्त परवान्यावर आहे, तो कुणीही वापरू शकतो. पण नावच न सांगणाऱ्या अ‍ॅपवर मी विसंबणार नाही.

---

पुण्यातला_विद्यार्थी

तुम्ही सगळे फार लांबून जाताय. मी चॅटबॉटला मराठीत विचारतो, तो मराठीत समजावतो. जालन्याची ताईंची भाषेची अडचण तिथेच मिटते. टीका मराठीत नाही म्हणून अजून किती वर्षं थांबायचं?

---

नगरकर

भाऊ, मराठीत समजावतो हे मोठं काम आहे, नाकारत नाही. पण तो कधी कधी नसलेलं वचन तितक्याच खात्रीने सांगतो. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ पवित्र शास्त्रात उघडून बघायचा, एवढा नियम पाळणार असाल तर वापरा. बिरुया गावातले लोक प्रेषित पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात तपासून बघत होते, प्रेषितांची कृत्ये १७:११.

वसईकर, तुमचा मुद्दा मान्य. धागा संपादित करून पुस्तकांची यादी सगळ्यात वर घेतो. मराठीत ७३ पुस्तकांचं, शोध चालणारं अ‍ॅप तुमच्याकडे कुणी वापरत असेल तर नाव इथे टाका.

---

पाळकांचा नातू

आणि त्याच पुस्तकाचा आठवा अध्यायही उघडा. रथात बसून यशया वाचणाऱ्या कूशी (इथियोपियाच्या) अधिकाऱ्याला फिलिप विचारतो की वाचताय ते समजतंय का. तो म्हणतो, कुणी समजावल्याशिवाय कसं समजेल? त्याच्या हातात मजकूर होता, उणीव होती ती शेजारी बसणाऱ्या माणसाची. फोन मी कुणाच्या हातातून काढून घेत नाही, पण बुधवारच्या अभ्यासवर्गाला खुर्च्या रिकाम्या का असतात, यावरही याच धाग्यावर बोला.

---

जालन्याची

बोलूच. आमच्याकडे तो वर्ग संध्याकाळी सहाला असतो आणि बायका तेव्हा स्वयंपाकात असतात. वेळ बदला म्हणून दोनदा अर्ज दिलाय. तोवर आजी भाकरी थापता थापता फोनवर नवा करार ऐकतात, बायबल डॉट इज वर. त्यांना वाचता येत नाही. त्या अ‍ॅपचं नाव तुमच्या यादीत घ्या, नगरकर दादा.